दगडावर राहिलेल्या वाट्या

त्या दोन उन्हाळ्यांत माझे गुडघे कधी नीट वाळले असतील, असं मला आठवत नाही. २००४ आणि २००५. सिअ‍ॅटलहून फेरीने पाणी ओलांडायचं आणि पुढे तासभर गाडीने जायचं, की एक लांब, अरुंद खाडी लागते. तिच्या खडकाळ काठावर ओहोटीच्या चार तासांत गुडघे टेकून शिंपले मोजायचे, हे माझं काम. एप्रिलमध्ये पाणी इतकं गार असायचं, की कालवाच्या, म्हणजे ऑयस्टरच्या, धारेने बोट कापलं तरी रक्त दिसेपर्यंत कळायचं नाही.

प्रश्न साधा होता. तिथली मोठी कालवं मुळात जपानची. शेतीसाठी फार पूर्वी आणलेली, आणि मग शेतं सोडून खडकांवर पसरलेली. तिथले मूळ रहिवासी म्हणजे शिनाणे, दगडाला धाग्यांनी चिकटून राहणारे काळे-निळे लांबट शिंपले. कालवं काढून टाकली तर शिनाणे परत येतात का, हे मला शोधायचं होतं. त्यासाठी खडकावर बारा चौकटी आखून त्यांतली कालवं काढायची, शेजारच्या बारा तशाच ठेवायच्या आणि वर्षभराने दोन्हीकडे मोजायचं. एवढं झालं की प्रबंध आणि पदवी. डिसेंबर २००५ मध्ये घरी येते, असं मी आईला सांगून ठेवलं होतं.

माझ्या गाइड साठीच्या आसपासच्या बाई होत्या. बाकीची मुलं त्यांना नावाने हाक मारत. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेली. बाईंचं नुसतं नाव माझ्या जिभेवर यायचंच नाही. दोन वर्षं मी 'एक्स्क्यूज मी' एवढ्यावरच काढली. पण त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. अर्जात मी लिहिलं होतं, की माझी आई रत्नागिरीकडच्या एका खाडीत कालवं काढून विकते. ते वाक्य वाचून तुला घेतलं, असं त्यांनी मला पहिल्याच भेटीत सांगितलं.

पहिली चौकट त्यांनी स्वतः करून दाखवली. छिन्नी लावायची, हातोडी मारायची, अख्खं कालव दगडापासून सुटं करायचं. मग त्यांचे गुडघे दुखू लागले. त्या गाडीत जाऊन बसल्या आणि पुढच्या अकरा चौकटी माझ्यावर सोडल्या.

ती कालवं दगडाशी अशी एकजीव झालेली असत, की एकेकाला पाच-पाच मिनिटं लागत. पाणी चढत होतं. तिसऱ्या-चौथ्या कालवाला माझा हात आपोआप आईच्या पद्धतीवर गेला. वरच्या शिंपल्याच्या कडेला एक ठोका, शिंपला उडाला, आतला जीव खरवडून डबीत. खालची वाटी, म्हणजे दगडाला चिकटलेला अर्धा शिंपला, तशीच. आई खालच्या वाटीला कधी हात लावत नसे, मलाही लावू देत नसे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. जीव काढला म्हणजे कालव काढलं, यात मला काही चुकीचं दिसलं नाही. उलट वेळेत सगळं उरकलं याचा अभिमान वाटला.

हिवाळ्यात तिथे मोठी ओहोटी रात्री येते, म्हणून काम बंद. एप्रिलमध्ये परत गेले. पहिल्या चौकटीत स्वच्छ दगड होता आणि त्याच्या भेगांत मिऱ्यांएवढे शिनाणे दिसत होते. बाकीच्या अकरांत नखाएवढी नवी कालवं, दाटीवाटीने. शिनाणे जवळपास नाहीतच. मी आकडे आणि दुरून काढलेले फोटो बाईंसमोर ठेवले.

त्या खुर्चीतून उठल्याच. "अगं, हे तर जोरदार आहे! काढली तरी एका वर्षात परत येतात. हे आपण परिषदेला पाठवू या."

"पण पहिली चौकट वेगळी आहे," मी म्हटलं.

"एखादी वेगळी निघतेच."

त्या रविवारी फोनकार्ड खरवडून आईला फोन केला. मी सिअ‍ॅटलजवळ बॉथेलला, पुण्याच्या एका मुलीबरोबर राहत होते. ती तिथल्याच सॉफ्टवेअर कंपनीत होती. स्वयंपाकघरात ती भात लावत होती आणि मी दाराशी उभी होते.

"काय गो बाय, जेवलीस काय?"

"जेवले. आई, इथली कालवं परत आली. काढली होती तरी."

"येणारच. खालची वाटी ठेवलीस ना?"

"हो."

"मग? त्या वाटीतच तर पिल्लं धरतात. नुसत्या दगडावर धरायला त्यांना वेळ लागतो." मग आवाज बदलून, "पण तू शिकायला गेलीस ना? तिथंपण कालवंच काढतेस?"

 फोन ठेवला आणि लॅबच्या कॅमेऱ्यातले जवळून काढलेले फोटो पाहिले. आई म्हणाली तसंच होतं. प्रत्येक पिल्लू माझ्या एखाद्या वाटीत बसलं होतं. कालवं परत आली नव्हती, मी त्यांना अंथरूण घालून ठेवलं होतं.

"काय झालं?" रूममेटने विचारलं. मी सांगितलं.

"मग तू सांगितलं नाहीस तर कोणाला कळणार? शिंपल्यांना?"

"बाईंना सांगायला हवं."

"अगं, त्या खूश आहेत ना? मी पण कोडमध्ये बग सोडते यार. व्हर्जन टूमध्ये बघू म्हणायचं." मग माझा चेहरा पाहून तिने गॅस बारीक केला. "आणि सांगितलंस तर? डिसेंबर गेला?"

"गेला."

"आईला काय सांगशील?"

 चार दिवस मी काहीच केलं नाही. परिषदेसाठीचा गोषवारा बाईंनी लिहायला घेतला होता. त्यात 'शिनाण्यांना पुन्हा जागा मिळत नाही' असं वाक्य होतं. मला झोप येत होती, भूक लागत होती, फक्त सगळं फार जड झालं होतं. आकडे खोटे नव्हते. मी मोजलं तेच लिहिलं होतं. पण ते खडकाबद्दल काही सांगत नव्हते, माझ्या हाताच्या सवयीबद्दल सांगत होते.

पाचव्या दिवशी बाईंच्या दारात उभी राहिले. "एक्स्क्यूज मी," म्हटलं आणि जवळून काढलेले फोटो टेबलावर ठेवून सगळं सांगितलं. आई, ठोका, वाटी.

त्यांनी एकेक फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. मग चष्मा काढला.

"इथल्या किनाऱ्यावर लोक कालवं खायला येतात, तेव्हा शिंपला तिथेच टाकायचा असा नियम आहे. पुढच्या पिल्लांसाठी. तुझ्या आईचं बरोबरच आहे." चष्मा पुसत म्हणाल्या, "तिला पीक हवं असतं. आपल्याला ते नको होतं. मी गाडीत जाऊन बसायला नको होतं."

"चूक माझी आहे."

"हो, तुझीही आहे." त्यांनी गोषवाऱ्याचा कागद उलटा करून ठेवला. "अकरा चौकटी गेल्या. ऑगस्टमध्ये पाणी तापलं की कालवं पुन्हा अंडी सोडतील. त्याआधी सगळं खरवड. पुढच्या वसंतात मोजू. तोवर खर्च भागायला प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकव, मी विचारून ठेवते."

त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मे, जून, जुलै. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तीन-चार दिवस मोठी ओहोटी मिळे, मग भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, लागली की दहा दिवस काहीच नाही. प्रत्येक वाटीला छिन्नी, प्रत्येक वाटीत एक-दोन जिवंत पिल्लं. मनगट सुजलं. घरी आले की रूममेट म्हणायची, "बूट बाहेर ठेव, फ्रिज उघडला तरी समुद्राचा वास येतो." आणि न बोलता ताट वाढायची.

शेवटची चौकट झाली त्या दिवशी आईला फोन केला. डिसेंबरला येत नाही, हेही त्याच फोनवर सांगायचं होतं.

"वाट्या काढल्या सगळ्या."

"सगळ्या? एकपण नाय ठेवलीस?"

"नाही."

 ज्या कामात आईचं आयुष्य गेलं, त्यात असं कोणी करत नाही. "मग पुढल्या वर्षी काय मिळेल गो तुला?"

"शिनाणे. आले तर. म्हणून डिसेंबरला जमणार नाही, आई. आणखी सहा महिने."

 मग ती म्हणाली, "हातांना तेल लाव."

एप्रिल २००६ मध्ये मोजलं. शिनाणे आले होते, पण थोडे, अकरापैकी सात चौकटींत. बाई म्हणाल्या, एवढ्यावर मोठं काही म्हणता येणार नाही, पण जे म्हणता येईल ते खरं असेल. प्रबंधाच्या पद्धतीच्या प्रकरणात मी ते लिहिलं. पहिल्या उन्हाळ्यात खालचे शिंपले दगडावर राहिले, ही लेखिकेची चूक. बाईंनी त्या ओळीत काहीही बदललं नाही.

मोजणी संपली त्या संध्याकाळी आईला फोनवर सांगितलं, की थोडे आले.

"केवढे?"

"मिऱ्यांएवढे."

"वाढतील." मग, "झालं ना काम? ये आता."