आत्माराम मयेकरांचं शेवटचं झाड

आत्माराम मयेकरांनी ज्या झाडाला शेवटचं पातं लावलं, ते माडाचं नव्हतं. जर्मनीत, रेगेन्सबर्गच्या बाहेर, आमच्या गल्लीत, फ्राउ श्टाडलर या बाईंच्या कुंपणालगत एक बर्च होता. आपल्याकडच्या भूर्जाचं भावंडच ते, पांढऱ्या सालीचं. आता तिथे फक्त बुंधा आहे. झाड मयेकरांच्या हातून गेलं, असं गल्लीत सगळे समजतात. ते पुरतं खरं नाही.

मयेकर मालवणजवळच्या आचऱ्याचे. चौदाव्या वर्षी वडिलांबरोबर माडावर चढले आणि पुढे सदतीस वर्षं त्यांनी माडी काढली. बावीस माड होते. सकाळी आणि संध्याकाळी चढून मडकी उतरवायची, दुपारी परत चढून पोय तासायची. पोय म्हणजे नारळाचा न उमललेला फुलोरा. त्याचं टोक रोज पातळ तासलं तरच रस गळत राहतो. एका दिवसाचा खाडा झाला की तोंड सुकतं. एकावन्नाव्या वर्षी शेवाळलेल्या खोडावरून पाय सटकला आणि गुडघा कामातून गेला. कोयती आढ्याला खोचली ती खोचलीच. बायको आधीच गेली होती. मुलगी मैथिली कोल्हापुरात इंजिनीअर झाली आणि इथे गाड्यांचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. अडुसष्टाव्या वर्षी तिने वडिलांना तीन महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं. गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली ही गोष्ट.

"बाबांची माडांची बागायत आहे," अशी तिने ओळख करून दिली, माडीचं नाव न काढता. मयेकर खाली बघत राहिले.

मी यंत्रांच्या कारखान्यात नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस. या देशात चाळीस वर्षं झाली. "काका, दिवसा बाबांना जरा कंपनी द्या ना," असं मैथिली म्हणाली, म्हणून रोज अकराच्या सुमारास मी समोर तिच्या घरी जाऊन बसत असे. ते स्वयंपाकघराच्या खिडकीशी, मी टेबलाशी. बोलायला मलाही फारसं जमत नाही. चहा होई, भांडी विसळली जात, आणि मी घरी येई. महिनाभर असंच चाललं.

मार्चच्या मध्याला एका सकाळी दार वाजलं. मयेकर स्वेटर न घालताच उभे होते.

"मधुभाऊ, चला. शेजारणीन झाडाक बाटली बांधल्यान."

फ्राउ श्टाडलर दर मार्चमध्ये हे करत. पालवी फुटायच्या आधी बर्च जागा होतो आणि मुळांतलं पाणी वर चढू लागतं. खोडाला शिसपेन्सिलीएवढं भोक पाडून त्यात नळी बसवायची, खाली बाटली बांधायची. दिवसाला दोनेक लिटर पाणी जमतं. दहा दिवस रोज सकाळी एक पेला प्यायचा की हिवाळा अंगातून निघून जातो, असं त्या म्हणत. वय एकोणऐंशी, खुबा दुखरा, आणि नवऱ्याने लग्नाच्या वर्षी लावलेलं ते झाड.

त्यांनी कुंपणावरून मयेकरांना पेला दिला. मयेकरांनी पहिला घोट तोंडात बराच वेळ धरला.

"ही माडीची धाकटी भयण," ते म्हणाले. "अजून बोलूक शिकूक नाय."

मी ते जर्मनमध्ये सांगितलं. फ्राउ श्टाडलर हसल्या आणि त्यांनी विचारलं, "म्हणजे हे काम तुम्हाला येतं?" त्यावर मयेकरांनी कपडे वाळत घालायच्या खांबाला मिठी मारली आणि अधू गुडघा सांभाळत माडावर कसं चढतात ते करून दाखवलं. बाई कुंपण धरून हसत होत्या. मयेकर हे नाव काही त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी हेर मायर, म्हणजे मायरसाहेब, करून टाकलं. त्या दिवसापासून हेर मायर रोज सकाळी सातला कुंपणापाशी हजर. एकाला जर्मन येत नव्हतं, दुसरीला मालवणी. तरी दोघं अर्धा अर्धा तास बोलत. मी खिडकीतून बघत असे आणि माझी गरज नाही याचं मला बरं वाटे.

आठवड्याभरात फ्राउ श्टाडलर यांना खुब्याच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. त्यानंतर दुसऱ्या गावी रेहामध्ये, म्हणजे हिंडाफिरायचा सराव घ्यायला, राहायचं होतं. झाड त्यांनी हेर मायरवर सोपवलं. निघायच्या दिवशी टॅक्सी उभी होती आणि त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं.

"ते छान काम करतात, हेर परचुरे. पण त्यांना नीट सांगा. भोक एकच. चाकू अजिबात लावायचा नाही, बर्चची जखम भरत नाही, आतून कुजते. आणि कळ्या हिरव्या दिसल्या की नळी काढून झाडाला सोडून द्यायचं."

"हो, हो. सांगतो," मी म्हणालो.

त्याच दुपारी मी सांगायला गेलो. मयेकरांनी मैथिलीची भाजीची सुरी पायरीच्या दगडावर घासून वस्तऱ्यासारखी केली होती. भोकाचं तोंड त्यांनी तासून तळहाताएवढं रुंद केलं होतं, आणि खोडाच्या दुसऱ्या बाजूला नवी खाच धरली होती. गुणगुणणं चालू होतं.

"रोज कापूक व्हया, नायतर तोंड सुकता," त्यांनी मला समजावलं. "आणि येकाच जागी भार नको. माडाक पण आमी तीन पोयी बांधतंव."

मग ते बोलतच राहिले. हात किती हलका ठेवायचा, पातं कुठल्या कोनात धरायचं, वडिलांनी पहिल्या दिवशी कशी थोबाडीत दिली होती. मी पुण्यात वाढलो, आंब्याच्या झाडावरसुद्धा कधी चढलो नाही. सदतीस वर्षं हे काम केलेल्या माणसाला मी सांगायचं, की पातं खाली ठेवा? बोलता बोलता त्यांनीच विचारलं, "फ्राउ काय म्हणाली जाताना?"

"तुम्ही छान काम करता म्हणाल्या."

हे खोटं नव्हतं. त्यांचं पहिलं वाक्य तेच होतं. पुढचं उद्या सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सुचलं, की आता खाच पडलीच आहे. तिसऱ्या दिवशी मयेकरांनी मला पेला भरून दिला आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

एप्रिल अर्धा सरेपर्यंत पाणी येत होतं. फ्राउ श्टाडलर यांच्यासाठी म्हणून त्यांनी फ्रिज बाटल्यांनी भरून टाकला. पाणी तीन दिवसांत आंबत असे, मग नव्या बाटल्या. पालवी फुटल्यावर ते गढूळ आणि कडू झालं, तेव्हा मयेकरांनी जखमांना माती लिंपली, झाडाला हात लावून नमस्कार केला, आणि मेच्या सुरुवातीला ते आचऱ्याला परतले. फ्राउ श्टाडलर यांची रेहा लांबली होती. त्या आल्या तेव्हा मयेकर निघून दोन आठवडे झाले होते.

कुबड्या टेकत त्या झाडाभोवती फिरल्या. मग मला हाक मारली.

"तुम्ही सांगितलं होतं ना त्यांना?"

"हो."

"असं. मग त्यांनी ऐकलं नाही." एवढंच बोलून त्या आत गेल्या.

जुलैमध्ये पानं पिवळी पडली. ऑक्टोबरात झाडं तपासणारा माणूस आला. उन्हाळा कोरडा गेला, त्याचाही फटका बसला आहे, तो म्हणाला. पण कूज जखमांपासून वर आणि खाली दोन्हीकडे गेली आहे. फेब्रुवारीच्या शेवटी झाड पाडलं.

माझी बायको साधना त्या दिवशी खिडकीतून करवतीचा आवाज ऐकत होती. तिला सगळं ठाऊक होतं.

"अहो, त्यांना सांगून टाका ना खरं काय ते."

"बघू."

"वर्षभर बघताच आहात. जीभ काय लॉकरमध्ये ठेवलीय?"

चार दिवसांनी मयेकर आले, दुसऱ्या व्हिसावर. या वेळी त्यांनी बॅगेतून स्वतःची कोयती आणली होती, खोबरेल लावून फडक्यात गुंडाळलेली, आणि फ्राउंसाठी आमसुलं. गाडीतून उतरताना त्यांना बुंधा दिसला. ते तसेच आमसुलांची पिशवी घेऊन शेजारच्या दारात गेले. फ्राउ श्टाडलर यांनी पिशवी घेतली, डांके, म्हणजे धन्यवाद, एवढंच म्हटलं आणि दार लावून घेतलं.

"बाबा, ही माणसं अशीच असतात. कोल्ड. मनावर नका घेऊ," मैथिली म्हणाली.

"मागल्या वर्साक थंड नव्हती," मयेकर म्हणाले.

पुढचे तीन आठवडे ते सकाळी सातला कुंपणापाशी उभे राहत. बाई कचऱ्याचा डबा ठेवायला बाहेर येत. हे ग्रुस गॉट म्हणून नमस्कार करत, त्या मान हलवत. नंतर हे उभे राहीनासे झाले. पुन्हा खिडकी, पुन्हा चहा. एका सकाळी मला म्हणाले, "मैथिलीक तिकीट आधीचा करूक सांगलंय. माका हय गमणा नाय. आता परत येवचंय नाय. झाड मेला म्हणान माणूस असा तोंड फिरयता? मी काय चोर आसंय?"

मी त्यांना बुंध्यापाशी नेलं. कापलेल्या लाकडात दोन तपकिरी डाग मधोमध एक झाले होते. त्यांना सांगावं लागलं नाही. डागाच्या कडेवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "ह्या माझ्या हातान झाला?"

तेव्हा मी सांगितलं. टॅक्सी उभी होती तेव्हा फ्राउ काय काय म्हणाल्या, ते सगळं, त्याच क्रमाने. मे महिन्यात परत आल्यावर फ्राउंनी विचारलं तेव्हा मी काय उत्तर दिलं, तेही.

मयेकर बुंध्याशी उकिडवे बसले.

"तेव्हा कित्याक नाय सांगलात?"

"तुम्ही खूश होतात."

"मी खूश होतंय म्हणान तुमी झाड मारूक दिलात," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "येका शब्दान मी पाता खाली ठेवलंय असतंय. माका काय बर्च म्हायत होतो?"

ते उठले, घरात जाऊन इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मला म्हणाले, "चला. आता मी बोलतंय तसाच सांगायचा. येक अक्षर कमी नको, जास्त नको."

फ्राउ श्टाडलर यांनी दार उघडलं. मयेकरांनी हात जोडले आणि एकेक वाक्य बोलून ते थांबत गेले. मी सांगत गेलो. झाड माझ्या हातून मेलं. माडाला चालतं ते मी तुमच्या झाडावर केलं. तुम्ही नको म्हटलेलं मला आज कळलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट केलं आणि पुढचं वाक्य बोलले. मी अडखळलो.

"सांगा," मयेकर म्हणाले.

"तुमचा निरोप या माणसाने माझ्यापासून लपवला," मी जर्मनमध्ये म्हणालो. "या माणसाने म्हणजे मी."

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. त्या सावकाश बोलल्या, बहुधा मला नीट सांगता यावं म्हणून. "झाड म्हातारं होतं आणि मीही आहे. मला राग त्याचा नव्हता. सांगूनही तुम्ही ऐकलं नाहीत, याचा होता. वर्षभर मी तुमच्याबद्दल वाईट विचार करत राहिले. त्याची मला लाज वाटते."

मी तसंच्या तसं सांगितलं. मयेकरांचे डोळे भरले. बाईंनी त्यांचा हात धरून त्यांना आत नेलं आणि कॉफीचं भांडं गॅसवर ठेवलं. मला कोणी बसा म्हटलं नाही, जा असंही म्हटलं नाही. थोडा वेळ दाराशी थांबून मी घरी आलो.

मयेकर आठ दिवसांनी गेले. तिकीट बदललेलं होतं, ते परत बदललं नाही. ते आठही दिवस सातला दोघं कुंपणापाशी असत. मी अकराला जायचो, चहा घ्यायचो. निघताना त्यांनी मैथिलीच्या दारात मला रीतसर नमस्कार केला. आधी ते माझा खांदा धरत.

आता दर रविवारी त्यांचा फोन येतो. फोन माझ्यासाठी नसतो. फ्राउ श्टाडलर माझ्या शेजारी बसलेल्या असतात, कारण हातवाऱ्यांशिवाय नुसतं फोनवरचं बोलणं दोघांना कळत नाही आणि दुसरं कोणी मध्ये नाही. त्या सांगतात की खुबा बरा आहे, आमसुलं संपली, नव्या बर्चचं रोप आणलं आहे, हाताएवढं. मी ते मयेकरांना सांगतो. प्रत्येक वाक्यानंतर ते विचारतात, "तिना असाच सांगल्यान?"

"हो, असंच," मी म्हणतो.

मग मयेकर म्हणतात, "तिका फोन द्या. माका तिचो आवाज ऐकूक व्हयो."