अकोल्याहून ऐकलेले ठोके

मैत्रिणींनो, आज सकाळी मी आई झाले.

पहिलं बाळंतपण, म्हणून मी अमरावतीला माहेरी. सासूबाई अकोल्यात. कळा सुरू झाल्यावर त्यांनी हट्टच धरला, "बाळाचे ठोके मलेबी ऐकू द्या." दवाखान्यात आईनं ठोक्यांच्या मशीनजवळ फोन ठेवला. मला वाटलं, काय हे खूळ.

आई माझी कंबर चोळत होती, मला तर भानच नव्हतं. एकदम फोनमधून आवाज आला, "विहीनबाई, ठोके हळू काहून झाले? सिस्टरले बोलवा ना."

सिस्टर धावत आल्या. मला डाव्या कुशीवर वळवलं, डॉक्टरांना बोलावलं. हळूहळू ठोके पहिल्यासारखे पळायला लागले तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

लेक झाली. खणखणीत रडली. फोन अजून चालूच होता. मी सासूबाईंना विचारलं,

"आई, ऐकू येतंय ना?"

"ऐकून राहिली ना व माय. आता ठेव फोन, मले गाडी पकडू दे."