साहेब बागेत बसून बघतात

उद्यान विभागात नोकरी आहे म्हटलं, की लोकांना वाटतं हा माणूस दिवसभर गुलाबाला पाणी घालत असणार. अहो, आम्ही झाडं कमी आणि माणसं जास्त सांभाळतो! आणि माणसं आली की किस्से आलेच. पिंपरी-चिंचवडमध्ये इतकी वर्षं काढल्यावर माझ्याकडे ते गाजरगवतासारखे माजलेत. एक उपटावा तर शेजारी आणखी दिसतात. त्यातले बरेचसे एकाच माणसाचे. आमचे उद्यान अधीक्षक, मुलाणी साहेब. बागांसाठी राज्य सरकारचं अनुदान आलं, की ते कुठल्या बागेला द्यायचं हे सुचवायचं काम त्यांचं. असलं काम करून शहरात सगळीकडे चहा मिळणारा दुसरा माणूस मला तरी माहीत नाही.

*

साहेबांची पद्धत एकच. बाग नुसती बघायची नाही, बसून बघायची. गाडी लांब लावायची, बाक गाठायचा आणि तेही भर दुपारी. "सकाळी सातला कुठलीही बाग छानच दिसते हो," म्हणायचे.

एकदा बंडूभाऊ आले. बंडूभाऊ म्हणजे आमच्याकडचे वजनदार पुढारी. समोरच्याला बोलू देतात असा आरोप त्यांच्यावर कुणी करणार नाही. त्यांना आपल्या भागातल्या बागेत म्युझिकल फाउंटन हवं होतं. साहेब म्हणाले, "चला भाऊ, बसून येऊ."

एप्रिल महिना, दुपारचे दोन, बाक तव्यासारखा तापलेला. साहेबांनी कारंज्याचा विषय अगदी निवांत चालवला. रंग कुठले घ्यायचे, गाणी जुनी लावायची की नवी... शेवटी भाऊंनी रुमाल डोक्यावर घेतला आणि ओरडले, "कारंजं मरू द्या साहेब, आधी झाडं लावा राव!"

आज तिथं कडुनिंब चांगले उंच झालेत. भाऊ सगळ्यांना सांगतात, आयडिया आपलीच.

*

मध्ये ओपन जिमची साथ आली होती. जो तो ओपन जिम मागायचा. चऱ्होलीच्या बाजूच्या एका जुन्या गावठाणातूनही मागणी आली. साहेब जाऊन बसले. शेजारी हौसाकाकू येऊन टेकल्या. पूर्वी सगळी शेती, आता पोरं धंद्यात, अशा घरातल्या.

"काकू, व्यायामाची मशिनं बसवायची म्हणतोय," साहेब म्हणाले.

"व्यायाम? मंग आमी जलमभर काय केलं?" काकू उखडल्या. "पार गेला रस्त्यात. दोन म्हाताऱ्यांना बोलत बसायला जागा न्हाई. ते बघ की आधी!"

साहेबांनी जिमऐवजी चिंचेखाली पार बांधायचं सुचवलं. ज्यांनी जिम मागितली होती ते फुगून बसले. पार झाला, त्या दिवशी काकूंनी साहेबांना हाताला धरून शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, "हां, आता कर व्यायाम!"

*

भोसरीकडच्या एका सोसायटीची तक्रार आली होती. नाइट शिफ्ट करून आलेले कामगार भरदुपारी बागेत झोपतात. शोभा जाते, बाकांना मध्ये दांडे लावा.

आम्ही पाहणीला गेलो. ती पोरं कॉटवर पाळीपाळीनं झोपणारी, दुपारी खोलीत दुसऱ्याची पाळी. साहेब त्यांच्याशेजारी बसले, मी माळ्याशी बोलायला गेलो. परत येऊन बघतो तर साहेबांचाही डोळा लागलेला! हलवून उठवलं, तर डोळे चोळत म्हणाले, "लिहून घ्या. समक्ष पाहणी केली. झोप लागते. वाईट जागी लागत नाही. बाग उत्तम आहे."

दांडे लागले नाहीत. मला तेव्हा साहेबांचा फार अभिमान वाटला, आणि अजूनही वाटतो.

*

गेल्या वर्षी अनुदान बेताचं आलं आणि बैठकीला सगळ्या भागांतले पुढारी हजर. आता खुर्च्या फेकणार, असा आमचा अंदाज. साहेबांनी नियम काढला. "आपल्या भागाचं नाव कुणी घ्यायचं नाही. दुसऱ्याच्या भागातली सगळ्यात वाईट बाग सांगायची."

काय सांगू महाराजा! लोकांना असा उत्साह आला! बंडूभाऊंनी तर शेजारच्या भागातल्या रमेशरावांना सोडलंच नाही. दोघांमधून विस्तवही जात नाही. "यांच्या बागेतली घसरगुंडी बघा. पोरगं खाली यायच्या आधी चड्डी फाटते!" साहेब मान डोलावत लिहून घेत होते.

आपण रमेशरावांना अनुदान मिळवून दिलं, हे भाऊंना पार गाडीत बसल्यावर समजलं.

*

या सगळ्यात एक बाग मात्र कायम कोरडी राहिली. साहेबांच्या स्वतःच्या कॉलनीतली, तळवड्याच्या बाजूची. कॉलनी सगळी कंपन्यांत राबणाऱ्यांची. बागेतल्या झोक्याला एकच साखळी, बाक एक धड नाही. साहेबांच्या मिसेस शकीलाभाभी, त्यांचे गुडघे दुखतात. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. त्या बागेत फेऱ्या मारतात आणि टेकायला जागा नाही म्हणून कुंपणाला धरून उभ्या राहतात. मी स्वतः पाहिलंय.

आम्ही कितीदा त्या बागेचं नाव सुचवलं. साहेब ऐकतच नसत. "माझ्या दारात बाक आला, की उद्या मी कुणाला नाही म्हणू?"

एकदा त्यांच्या घरी हाच वाद चालला होता. भाभींनी चहाचे कप ठेवले आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही इथं राहता, यात कॉलनीचा काय गुन्हा?"

साहेबांनी नुसता चहाचा कप उचलला. मलाही साहेबांचा तेव्हा पहिल्यांदाच राग आला. यंदा ते रिटायर होणार. त्यांच्या हातचं हे शेवटचं अनुदान, आणि नवीन साहेब असल्या आडबाजूच्या कॉलनीत कशाला येऊन बसतोय?

*

यंदाची बैठक झाली. नियम तोच. साहेबांनी पेन उघडलं. "बंडूभाऊ, करा सुरुवात."

भाऊ उठले. आता परत घसरगुंडी निघणार म्हणून रमेशराव सावरून बसले.

"तळवड्याच्या बाजूची कॉलनी," भाऊ म्हणाले. "तुमची, साहेब."

"ते नाव नको. दुसरं सांगा."

"का नको? नियम तुमचाच आहे. आपल्या भागाचं नाव तुम्ही घेऊ नका. मी घेतोय ना!"

तेवढ्यात रमेशराव उठले. "माझंही तेच नाव लिहा." भाऊ आणि रमेशराव एका मताचे झालेले आम्ही जन्मात पाहिले नव्हते. मग पलीकडून आणखी कुणी तेच म्हणालं, मग आणखी कुणी.

साहेबांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत राहिले. मग आवाज शक्य तितका कोरडा ठेवून म्हणाले, "भाऊ, ऐकीव सांगू नका. स्वतः बसून आलात?"

"आलो की. काल. दुपारी दोनला. बाक नाही, म्हणून खाली मातीत."

"सावली होती?"

"कुठली सावली, साहेब! भाभींनी छत्री आणून दिली, म्हणून बसलो."