बायकोच्या हातातली बाटली

सांगलीच्या किडनीच्या दवाखान्यात तो मला दर महिन्याला भेटायचा. मी भावाच्या किडनीवर जगणारा, तो बायकोच्या. रहिमतपूरकडचा, फौजेतून निवृत्त झालेला. मिशीला पीळ, मास्क हनुवटीखाली, आणि बाकावरच्या सगळ्यांना फुकटचा उपदेश: "आवं, आमी बर्फात ऱ्हायलेली माणसं. आमाला कसला जंतू धरतोय?" तोवर पिशवी आणि फाईल सांभाळत बायको भिंतीला टेकून उभी.

बसवलेल्या किडनीत विषाणू शिरला तर सुरुवातीला काहीच दुखत नाही, पण लघवीच्या तपासणीत तो दिसतो. वेळेवर सापडला तर डॉक्टर गोळ्या कमी-जास्त करून किडनी वाचवू शकतात. हे त्यालाही ठाऊक होतं. पण रिपोर्ट वाईट आला, तर बाकावर फुशारकी कशी मारणार?

एकदा बायकांच्या संडासाच्या दारात त्यानं तपासणीची बाटली बायकोच्या हातात दिली. "तूच भर गं. तुजी साफ हाय." किडनी दिलेल्या त्या बाईनं तीही भरून दिली.

मी पाहिलं. नर्स चार पावलांवर होती. मी बोललो नाही, कारण त्याची एकदा जिरावी असं मला मनापासून वाटत होतं. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही.

काही महिन्यांत ती किडनी गेली आणि तो परत डायलिसिसवर आला. मिशीचा पीळ तसाच.

"बाईमाणसाची किडनी, गड्या," तो बाकावरून मला म्हणाला, "कितीशी टिकायची?"

तिनं मान खाली घातली. मीही.