तीन पराभव आणि एक ताठ कंबर

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांनी “सोलापुरात बेसबॉल?” असं डोळे मोठे करून विचारलं की माझं डोकंच फिरतं. का हो, आमच्याकडं मैदान नाही, की पळायला पोरं नाहीत? मी शाळेत असताना पीटीच्या बाईंनी आम्हा मुलींच्या हातात सॉफ्टबॉलची बॅट दिली, तेव्हा वेणीला लाल रिबिनी बांधून मी थर्ड बेसवर उभी राहायची. पुढं लग्न झालं, नोकरी लागली, एका शाळेच्या ऑफिसात दाखले लिहिता लिहिता केस पांढरे झाले. खेळणं सुटलं, बघणं सुटलं नाही. आता माझा मुलगा आमच्या भागातल्या क्लबकडून बेसबॉल खेळतो. रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, अंपायरला नीट ऐकू जाईल अशा आवाजात जी बाई बोलत असते ती मीच.

गेल्या हंगामात आम्ही पहिले तीन सामने ओळीनं हरलो.

हरणं मला नवीन नाही. पण हंगामाच्या सुरुवातीचं हरणं फार छळतं. शेवटाला हरलं तर माणूस म्हणतो, दमली पोरं, जाऊ द्या. सुरुवातीला हरलं की नक्की काय बिघडलंय तेच कळत नाही, आणि मग ज्याला त्याला आपलंच म्हणणं खरं वाटायला लागतं. मैदानाबाहेरच्या चहाच्या गाड्यावर त्या दिवसांत जेवढे कोच होते तेवढे अख्ख्या महाराष्ट्रात नसतील. मीही त्यातलीच. आमच्या पिचरच्या पोटात अजून दिवाळीचा फराळ आहे, असं माझं मत. सेकंड बेसवरच्याचं नुकतंच लग्न ठरलेलं, त्याचं ध्यान बॉलवर कमी आणि खिशातल्या फोनवर जास्त, हेही माझंच मत. कोचला तर मी तोंडावर म्हटलं, “सर, तुम्ही टोपी सरळ घाला आधी, मग पोरांना सरळ करा.” ते बिचारे हसले. सगळ्यांचा समाचार घेत होते मी, एकाला सोडून. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, दुसरं काय!

कारण खरं दुखणं माझ्याच घरी होतं. या खेळात बॉल मारायचा, पळायचं आणि तीन बेस पार करून चौथ्यावर, म्हणजे होमवर पोचायचं. पोचला की एक रन. चौथ्या नंबरच्या बॅटरचं काम असतं आधीच्यांना घरी आणण्याचं, आणि आमचा चौथ्या नंबरचा बॅटर म्हणजे माझा मुलगा. आदल्या वर्षी यानं मारलेले बॉल कडुलिंबाच्या झाडांवरून रस्त्यावर जायचे आणि पलीकडचा भजीवाला कढई सांभाळत शिव्या द्यायचा. यंदा भजीवाल्याला काही त्रास नव्हता. तीन सामन्यांत याची बॅट फिरली ती वाऱ्यावरच.

तिसरा सामना हरल्यावर कोचनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “काकू, पुढच्या रविवारीही लागला नाही तर त्याला बसवावं लागेल. त्याच्या पुढच्या रविवारी निवडीची माणसं येणार आहेत, तेव्हा तो मैदानात नसला तर मी काही करू शकत नाही.” निवड म्हणजे राज्याच्या संघाची. मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिफ्ट करतो. राज्याकडून खेळलेल्या पोरांना सरकारी भरतीत खेळाडूंच्या जागेवर अर्ज करता येतो. त्या एका दारावर तो शाळेपासून डोळे लावून बसला होता, आणि ते दार आता त्याच्या डोळ्यांदेखत बंद व्हायला निघालं होतं.

मग उपाय सुरू झाले. कुणी म्हणालं बॅट बदला, बॅट बदलली. कुणी म्हणालं डोळे तपासा, डॉक्टर म्हणाले नजर घारीसारखी आहे. शेजारच्या आजी म्हणाल्या, “दिष्ट लागली गं पोराला, लई मारत हुता की मागल्या सालात.” मीठमिरच्या ओवाळून मी दृष्टही काढली. मिरच्यांचा खाट उठला, सगळं घर खोकलं. पण बॅट काही लागेना.

आमच्या घरात आणखी एक हंगाम असतो, तो माझ्या नवऱ्याचा. संक्रांतीला आमच्याकडं गड्डा यात्रा भरते. त्यात नंदीध्वजांची मिरवणूक निघते. आम्ही त्याला काठी म्हणतो. दुमजली घराच्या वर डोकं काढणारी, सजवलेली, जडशीळ काठी, आणि ती एकटा माणूस कंबरेच्या पट्ट्यात तोलून चालवतो. ती पेलणं हा मान असतो. नवऱ्यानं कितीतरी वर्षं पेलली. मग मणक्यानं दगा दिला आणि डॉक्टरांनी हात जोडून नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी हा माणूस जेवला नव्हता. यंदा पहिल्यांदाच मुलाची पाळी यायची होती, म्हणून दसऱ्यापासून रोज संध्याकाळी सराव चालला होता. सरावाची काठी घेऊन मुलगा पुढं, आणि हे बाजूनं ओरडत: “कंबर! कंबर धर!” काठी पेललेल्या माणसाला कंबर वळवायची मुभा नसते. वळायचंच झालं तर पाय उचलून, सगळं अंग एकदम वळवायचं. कंबर जराशी फिरली तरी वर शेंडा झुकतो, आणि झुकलेला शेंडा सावरणं सोपं नाही.

त्या आठवड्यात एके सकाळी मुलगा ओट्यापाशी उभा राहून चहा पीत होता. मी मागून हाक मारली, “अरे, डबा राहिला की!” तो वळला. म्हणजे आधी त्याचे पाय वळले, मग कपाट फिरवावं तसा सगळाच्या सगळा फिरून तो माझ्यासमोर आला. माझ्या हातात डबा तसाच राहिला. मी म्हटलं, “पुन्हा वळ.” तो हसायला लागला. “काय गं आई, सकाळी सकाळी?” मी त्याच्या हातात लाटणं दिलं आणि बॅटसारखं फिरवून दाखवायला सांगितलं. बॅट मारताना आधी कंबर वळते, मग खांदे, आणि हात सगळ्यात शेवटी. तिथूनच तर जोर येतो. याचं सगळं एकदमच येत होतं. पोरानं दीड महिना रोज कंबर धरली होती, आता ती सुटत नव्हती.

त्याला मी काही बोलले नाही. हा पोरगा कुणालाच नाही म्हणत नाही. त्याला सांगितलं असतं तर आई की अप्पा एवढंच त्याच्यापुढं राहिलं असतं. मी गेले नवऱ्याकडं, यंदा काठी दुसऱ्या कुणाला द्या म्हणायला.

“काठीनं कुणाचं वाकडं झालंय का आजवर?” ते उसळले.

“वाकडं झालं असं कोण म्हणतंय? फार सरळ झालाय, तेच सांगतेय.”

“दोन महिन्यांवर यात्रा हाय. तुझं ते बेसबॉल वर्षभर चालतंय की.”

“खेळ वर्षभर आहे हो, निवड वर्षभर नाही.”

ते खाली बघून म्हणाले, “मला त्याला काठी घेऊन चालताना बघायचंय गं. माझ्या डोळ्यांनी. तू मला एवढं एक मागू देणार न्हायस का?”

मला त्यांचा रागही आला आणि दयाही आली. शेवटी म्हटलं, “एकदा मैदानावर येऊन बघा, मग काय ते बोला. नाही आलात तर तुमच्या सरावाला चहाची किटली येणार नाही, सांगून ठेवते.” इतक्या वर्षांत हा माणूस बेसबॉल बघायला एकदाही आला नव्हता. पण माझ्या चहाशिवाय त्यांचा सराव होत नाही.

रविवारी आले. डोक्यावर पांढरी टोपी, आणि काठीचे दोन जोडीदार बरोबर. माझ्या शेजारी खुर्च्या टाकून बसले, कुठल्याही क्षणी कंटाळून उठून जातील असे. सामना नेहमीसारखाच रखडत चालला होता. पिचरनं बरं केलं, सेकंड बेसवाल्यानं पुन्हा एक सोडला, मी अंपायरला दोन शब्द सुनावले. शेवटच्या इनिंगमध्ये आम्ही एका रननं मागं होतो. एक जण बाद झालेला, थर्ड बेसवर आमचा एक पोरगा घरी यायला टपलेला, आणि बॅटिंगला माझा मुलगा.

तो उभा राहिला आणि माझ्या नवऱ्याची छाती फुगली. त्यांना जोर आला की ते त्यांच्या घरच्या कानडीत शिरतात. “नोडु, नोडु!” ते जोडीदारांना म्हणाले, म्हणजे बघा, बघा. “कसा उभा हाय बघा. पाय कसं, कंबर कशी! काठीचा माणूस म्हणतेत त्याला.” जोडीदारांनी माना डोलावल्या. खरंच देखणा उभा होता पोरगा. त्या देखणेपणाकडं बघून मला रडू येत होतं.

पहिला बॉल आला. बॅट फिरली, हवेत गेली. “आसूं दे,” हे म्हणाले. दुसरा आला. पुन्हा हवेत. तिसराही हुकला की बाद. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचा हात स्वतःच्या कंबरेवर गेला होता आणि ते खुर्चीत बसल्या बसल्या अंग इकडून तिकडं वळवून बघत होते, मणका दुखत असताना. मग ते उठले. फक्कीच्या रेघेपर्यंत चालत गेले आणि मिरवणुकीत काढतात त्या आवाजात ओरडले:

“कंबर सोड! सोड ती कंबर! ऐकतंयस का, सोड!”

जोडीदार त्यांच्याकडं वेड्यासारखे बघत राहिले. ज्या माणसानं जन्मभर पोरांना कंबर धरायला शिकवलं, तो हे म्हणत होता. मुलानं मान वळवून आमच्याकडं पाहिलं. तिसरा बॉल आला आणि तो वळला. आधी कंबर, मग खांदे, मग हात. टण्णकन आवाज आला. बॉल उंच गेला, लिंबाच्या झाडांपर्यंत गेला, आणि तिथं समोरच्या संघाच्या पळणाऱ्या पोरानं तो झेलला. मुलगा बाद. पण या खेळात झेल झाल्यावरही बेसवरच्याला पळता येतं. झेल होताच थर्ड बेसवरचा आमचा पोरगा सुटला आणि धूळ उडवत घरी पोचला. बरोबरी झाली. आमची सगळी पोरं नाचायला लागली.

“अगं, आउट झाला न्हवं? मग टाळ्या कशाला?” नवऱ्यानं विचारलं.

“तो गेला, पण दुसऱ्याला घरी आणून गेला,” मी म्हटलं.

खोटं कशाला सांगू, तो सामनाही आम्ही हरलोच, जादाच्या इनिंगमध्ये. पण कोच धावत आले, “काकू, लागला की!” आणि बसवण्याची गोष्ट परत निघाली नाही. पुढच्या रविवारी निवडीच्या माणसांपुढं त्यानं भजीवाल्याची झोप उडवली, राज्याच्या संघात त्याचं नाव लागलं, हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असतेच. पण माझ्या डोक्यातून जात नाही ती त्या हरलेल्या रविवारची संध्याकाळ.

मी किटली घेऊन सरावाला गेले. मुलगा पट्टा बांधायला पुढं झाला, तर यांनी तो त्याच्या हातातून घेतला आणि आपल्या पुतण्याच्या कंबरेला बांधायला लागले.

“अप्पा, मी दोन्ही करतो की,” मुलगा म्हणाला.

“दोन घरचा पाहुणा उपाशी. तू घरी जा. झोप काढ, उद्या शिफ्ट हाय तुझी.”

जोडीदारांनी विचारलं, यंदा तर पोराची पाळी होती ना? “त्याला वळायचं काम हाय,” एवढंच ते म्हणाले आणि पट्ट्याची गाठ आवळत राहिले. पुतण्यानं काठी उचलली. हे बाजूनं चालायला लागले, नेहमीसारखे ओरडत. आवाज तेवढा बसला होता. मला जे हवं होतं तेच झालं होतं. तरी असं कसं गं बाई तू मागितलंस, असं मी स्वतःलाच म्हणत होते.

सराव संपला. रिकामे कप गोळा करताना मी त्यांच्या जवळ गेले आणि हळूच विचारलं, “वाईट वाटतंय का हो?”

“वाटणार की. मी काय दगड हाय का?” त्यांनी टोपी काढून तोंड पुसलं. मुलगा लांब रस्त्याच्या कडेला आमची वाट बघत गाडीवर बसला होता. त्याच्याकडं बघत ते म्हणाले, “पर त्याला बोलू नकोस. पुन्हा कंबर आवळंल.”