मंगरूजींचा हात आणि लक्ष्मणरावांची म्हैस

मंगरूजींची व माझी ओळख सन १९८० मध्ये, मोहाडीजवळच्या आमच्या गावी, प्रौढ शिक्षण वर्गात झाली. एकाच कंदिलापाशी बसून आम्ही अक्षरे गिरवीत असू. त्यांनी स्वतःविषयी जे सांगितले व त्यांच्या पत्नी तुळसाबाईंनी ज्यात भर घातली, ते येथे क्रमाने लिहीत आहे.

मंगरूजी लक्ष्मणरावांच्या गोठ्यात ढोरे राखण्याच्या व दूध काढण्याच्या कामावर होते. त्यांचा हात बारीक आणि लांब होता. आंब्याच्या दिवसांत म्हशीच्या घशात कोय अडकली, म्हणजे आजूबाजूच्या गोठ्यांतूनही त्यांनाच बोलावणे येई. एका हाताने म्हशीची जीभ बाजूला ओढून धरायची आणि दुसरा हात कोपरापर्यंत आत घालून कोय काढायची, असा तो प्रघात होता. लोक म्हणत, "मंगरूचा हात म्हणजे विहिरीत सोडाचा गळ." मंगरूजींना मनातून त्याचा अभिमान वाटे.

सन १९७६ च्या उन्हाळ्यात लक्ष्मणरावांच्या भुरी नावाच्या म्हशीने चारा सोडला. तोंडातून लाळेच्या तारा लोंबू लागल्या आणि ती घोगऱ्या आवाजात सारखी ओरडू लागली.

"कोय अडकली असन. घाल हात," लक्ष्मणराव म्हणाले.

शेजारचे जागेश्वर बांधावरून म्हणाले, "पाय बरं मंगरू, कोयीसंगं भैशीचं काळीज नोको ओढून आणू."

सगळे हसले. मंगरूजींनी हात घातला. दातांनी मनगटावर ओरखडे उठले, परंतु घशात काहीच लागले नाही. त्यांनी पुन्हा घातला. तेव्हाही हात रिकामाच निघाला.

त्यानंतर भुरी खुंटा उपटून भिंतीला धडका देऊ लागली, आणि अखेर मागचे पाय लुळे पडून मेली. मग बोलावलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी विचारले, "हिला कुत्रे चावले होते का?" तेव्हा मंगरूजींना आठवले, की होळीच्या सुमारास तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, एक कुत्रे कळपात शिरले होते. डॉक्टरांनी त्यांचे मनगट पाहिले. पिसाळलेल्या जनावराची लाळ ओरखड्यातून अंगात गेली तर तोच रोग माणसालाही होतो, आणि एकदा झाला की त्यावर औषध नाही, असे सांगून त्यांनी आजच भंडाऱ्याला जाऊन सुया घेण्यास बजावले.

डॉक्टर गेल्यावर लक्ष्मणराव हळू आवाजात म्हणाले, "हात तं धुतला न तू? मंग काहून जाऊन राहिला? गावात गोष्ट फुटली तं आपल्या गोठ्याचं दूध कोण घेईन?"

मालकाच्या शब्दाबाहेर जाण्याची मंगरूजींना सवय नव्हती. उत्तर दिले ते गोठ्यात शेण भरायला आलेल्या तुळसाबाईंनी.

"मालक, दूध आज नासलं तं उद्या दुसरं निघते. माणूस कोणत्या भैशीखाली निघते, थे सांगा." मग नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "चाला. मोटार निघून जाईन."

पोटात रोज एक, अशा त्या सुया होत्या. पोट सुजून कडक होई. दूध काढताना चरवी गुडघ्यांत धरली, की कळ डोळ्यांपर्यंत येई. तरी काम सुटले नाही. हा रोग झालेला माणूस पाण्याला भितो, हे त्यांनी ऐकले होते. म्हणून सुया संपल्यावरही ते रोज सकाळी तांब्याभर पाणी घेऊन तुळसाबाईंच्या समोर उभे राहत व पीत. पाणी सुखरूप घशाखाली उतरले, की तुळसाबाई चुलीकडे वळत.

पुढच्या उन्हाळ्यात लक्ष्मणरावांची दुसरी म्हैस लाळ गाळू लागली. माणसे जमली. लक्ष्मणरावांनी दावे आवळून धरले आणि मंगरूजींना वाट करून दिली. कामावरून काढले तर दुसऱ्या कोणत्याही गोठ्यात जागा नव्हती, हे मंगरूजींना ठाऊक होते. त्यांनी बाही वर केली नाही.

"मालक," ते म्हणाले, "आधी ढोराच्या डॉक्टरले बोलवा. त्याइनं पाह्यल्यावर मी हात घालतो."