तिघांच्या सहलीचं तिसरं टेबल

आमच्या तिघांच्या म्युनिकच्या सहलीला शेवटी तीस जण गेले, आणि त्या तिसांत आम्ही तिघं नव्हतो.

हे कसं झालं ते विचारू नका. (मंजिरीला तर मुळीच विचारू नका.) पण लोक विचारतातच, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आम्ही अमेरिकेत नोव्हायला राहतो. मी एका गाड्यांच्या कंपनीत ब्रेकचा इंजिनिअर आहे. म्हणजे ब्रेक काय काय कारणांनी निकामी होऊ शकतील याचा दिवसभर विचार करायचा आणि त्याचा पगार घ्यायचा. हा विचार संध्याकाळी पाचला थांबत नाही, ही आमच्या घरातली मुख्य तक्रार आहे.

सतरा वर्षांत आमची प्रत्येक सुट्टी एक तर भारतात नातेवाइकांकडे जेवण्यात गेली, नाही तर पाच कुटुंबांनी मिळून भाड्याने घेतलेल्या जंगलातल्या केबिनमध्ये वीस माणसांचे पोहे करण्यात. फेब्रुवारीत माझी बायको मंजिरी म्हणाली, "रेवा पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल. त्याआधी मला एकदा फक्त आपण तिघांनी कुठेतरी जायचंय. चार दिवस. चौथा माणूस नको."

जागाही तिनेच ठरवली. सप्टेंबरात म्युनिकचं ऑक्टोबरफेस्ट! मोठाले तंबू, लांबलचक बाक, बँड, हातात बिअरचा भलामोठा मग. मला कल्पना मनापासून आवडली. साधारण दहा मिनिटं. मग काळजी सुरू झाली.

पहिली काळजी रेवाची. ती सोळा वर्षांची आहे आणि जर्मनीत सोळाव्या वर्षी बिअर चालते, ही माहिती तिने मला स्वतःहून येऊन दिली. पण त्याहून मोठी काळजी जागेची. एवढे आठ-नऊ तास विमानात बसून जायचं आणि तंबूत बसायलाच मिळालं नाही तर?

"डॅड, दुपारी यू कॅन जस्ट वॉक इन. एव्हरीबडी डझ," रेवा म्हणाली.

"आणि नाही मिळाली जागा तर?"

"देन वी गो टु द नेक्स्ट टेंट."

इतका बेजबाबदार विचार करणारी मुलगी माझ्या पोटी कशी जन्मली, देव जाणे. मी रिझर्वेशन शोधलं. ते मिळत होतं, पण अख्ख्या टेबलाचं, आणि टेबल दहा जणांचं. आम्ही तिघं. म्हणजे सात कमी. मी ऑफिसात डबा खाता खाता इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "ऑक्टोबरफेस्टला सात जण हवेत. फक्त टेबलापुरते." सोबत नावं लिहायला एक शीटही टाकली.

'फक्त टेबलापुरते' हे शब्द एकाही माणसाने वाचले नाहीत. मंजिरीने तो ग्रुप गणपतीपासून म्यूट करून ठेवला होता. मी म्हटलं, सगळं जमलं की सांगू.

संध्याकाळपर्यंत शीटमध्ये अकरा नावं आली. एका टेबलाला जास्त, दोन टेबलांना कमी. आता नाही कुणाला म्हणणार? मी दुसरं टेबल धरलं आणि उरलेले नऊ जण शोधायला लागलो. नऊ मागितले तर बारा आले. (त्यात "आई-बाबा तेव्हा इंडियाहून येतायत, त्यांना कुठे ठेवू?" असे चार.) तेवीस! म्हणजे तिसरं टेबल, आणि आणखी सात माणसं. पाडव्याच्या कार्यक्रमात लोक श्रीखंड घेत होते आणि मी प्रत्येकाच्या ताटामागे उभा राहून विचारत होतो, "सप्टेंबरात मोकळे आहात का?"

ग्रुपवर तर नुसता गोंधळ. एकाने विचारलं, "यार, तेव्हा पितृपक्ष येतोय का?" कुलकर्णी काका मंडळात सगळ्यात ज्येष्ठ. त्यांनी निकाल दिला, "बिअरला हरकत नाही. फक्त नवीन खरेदी नको." मग जेवणाची यादी निघाली: अंडं न खाणारे सहा, कांदा-लसूण न खाणारे दोन, गुरुवार करणारा एक. मी ती सगळी इंग्रजीत लिहून तंबूवाल्यांना पाठवली. दोन दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: आमच्याकडे अर्धी कोंबडी मिळते.

माझी झोप उडाली. पण एका शुक्रवारी शीट बरोबर तिसावर थांबली. मी तीन टेबलांचा अर्ज पाठवला आणि लोकांनी पटापट विमानाची तिकिटं काढली. आमची तेवढी मी टेबल पक्कं होईपर्यंत थांबवली होती.

शनिवारी मंजिरी किराणा घेऊन आली आणि पिशव्या हातात तशाच धरून म्हणाली, "अभय, दुकानात शिल्पा भेटली. म्हणाली, म्युनिकला थेपले मी आणते, तू लोणचं आण."

मी सगळं सांगितलं.

"किती जण?"

"तीस. पण तिन्ही टेबलं बरोबर भरली, एक जागा रिकामी नाही," मी म्हणालो. आवाजात थोडा अभिमान होता, खोटं कशाला बोलू?

"शीट दाखव."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे एकेक नाव वाचत गेली. मग म्हणाली, "यात आपण कुठे आहोत?"

"असू वर कुठेतरी."

"वर कुलकर्णी काका आहेत."

आम्ही खालीही नव्हतो. पहिल्या दिवसापासून मी आलेली नावं मोजत होतो, आणि आमची नावं लिहायची राहिली होती. मी घाईघाईने फोन घेतला. "थांब, चौथं टेबल घेतो. अजून सातच लागतील."

"फोन खाली ठेव," मंजिरी म्हणाली. "आणि ब्रेकचा इंजिनिअर आहेस हे परत कुणाला सांगू नकोस."

मला फार वाईट वाटलं. सतरा वर्षांत तिने एकच गोष्ट मागितली होती आणि मी ती तीस जणांत वाटून टाकली होती.

सप्टेंबरात ते तीस जण गेले. आम्ही सव्वा तासावरच्या फ्रँकनमथला गेलो. बव्हेरियातून, म्हणजे म्युनिककडूनच, आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव आहे, तिथेही बिअरचा उत्सव असतो. रिझर्वेशन नव्हतं. आत गेलो आणि जागा मिळाली. (रेवा माझ्याकडे बघत राहिली.) बँड वाजत होता. रेवाने फोन बाजूला ठेवला आणि कॉलेजला जायची किती भीती वाटते ते आम्हाला पहिल्यांदाच सांगितलं. मंजिरी तिचा हात धरून ऐकत होती. इतकी निवांत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. पाच मिनिटं मलाही कसलीच काळजी वाटली नाही.

मग पाठीमागून आवाज आला. "अहो, तुम्ही मराठी का? आम्ही इकडच्याच ट्रॉयहून आलोय. इथे बसलो तर चालेल?" एक काका होते, आणि त्यांच्यामागे दोन कुटुंबं ताटं घेऊन उभी होती.

मंजिरीने माझ्याकडे पाहिलं. या वेळी चूक करायची नाही असं ठरवून मी ताडकन उभा राहिलो आणि ठणकावून म्हणालो, "नाही हो काका, आम्ही मराठी नाही."